रविवारी डेलिया गाडी चालवते

ड्रमकिल, रॉसकॉमन
२ जून १९९८

प्रिय ब्रायडी,

तुझं पत्र पोचलं. वादळात दवाखान्याचं छप्पर उडालं हे वाचून वाईट वाटलं, आणि तू स्वतः शिडीवर चढून ते बांधलंस हे वाचून राग आला. त्रेसष्टाव्या वर्षी कुठली नन शिडीवर चढते? केनियात पुरुष नाहीत का?

इकडची बातमी म्हणजे आपल्या फिंटनला नोकरी लागली. लाँगफर्डच्या कारखान्यात, लेथवर. चार वर्षं शिकाऊ, मग पक्का कारागीर. आपला भाऊ मॅलकी वारला आणि त्याची ती बया इंग्लंडला पळाली तेव्हा हे पोर तीन वर्षांचं होतं. आज अठराचं झालं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर असं काही दिसलं की मला मॅलकीची आठवण आली.

पण घर ते कारखाना सव्वीस मैल. बस गुरुवारीच येते, तीही आली तर. म्हणून त्याने दोन उन्हाळे गवत कापून साठवलेल्या पैशांतून एक छोटी लाल गाडी घेतली, नऊशे पौंडांची. मग आम्ही दोघं विम्यासाठी जेरी लॅव्हिनकडे गेलो. त्याने आकडा सांगितला, चोवीसशे. एका वर्षाचे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मी म्हटलं, ‘जेरी, आम्हाला विमान नको आहे.’

‘डेलिया, पोरगा अठराचा आहे. कंपनी म्हणते ही पोरं मरतात आणि मारतात. पोरगी असती तर निम्म्यात भागलं असतं.’

‘मग काय, फ्रॉक घालून पाठवू त्याला?’

फिंटन म्हणाला, ‘मिस्टर लॅव्हिन, मी जपून चालवीन.’ जेरी नुसता हसला. मग दार लोटून घेतलं आणि मला म्हणाला, ‘तुझ्याकडे एकोणऐंशीचा परवाना आहे ना?’

तू तेव्हा तिकडे होतीस, तुला ठाऊक नसेल. परीक्षेची रांग इतकी लांबली होती की सरकारनेच हात टेकले आणि रांगेतल्यांना परीक्षेविना परवाने वाटून टाकले. मी तोवर बाबांची गाडी दोनदा चालवली होती, त्यातल्या एकदा खड्ड्यात घातली होती. तेव्हापासून परवाना दर वेळी नवा करून घेते, फुकटचा मिळालेला टाकवत नाही म्हणून. जेरी म्हणतो, ‘एकोणीस वर्षांत एकही अपघात नाही!’ अरे, कसा होईल? गाडी तुझ्या नावावर लिहू, म्हणतो, मुख्य चालवणारी तू, आणि खाली फिंटनचं नाव, अधूनमधून चालवणारा म्हणून. तीनशे दहा पौंड.

इथे सगळे असंच करतात. तरी माझं मन खातं. हे पाप आहे का, ते कळव. फादरना विचारायची सोय नाही, त्यांच्या पुतण्याची गाडी त्यांच्याच नावावर आहे. एक सप्टेंबरला त्याला हजर व्हायचं आहे. नाही जमलं तर तोही इंग्लंडच्या बोटीत बसेल, आणि मग मी कुत्र्याशी बोलत म्हातारी होईन.

तुझी
डेलिया


तुर्काना, केनिया
२३ जून १९९८

प्रिय डेलिया,

छप्पर पुन्हा उडालं, पुन्हा बांधलं. पुरुष आहेत, पण ते खाली उभे राहून सल्ले देतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे. कागदावर लिहिलं की गाडी डेलिया चालवते, आणि डेलिया चालवत नसेल, तर ते खोटं आहे. मग उपाय सरळ आहे. डेलियाने गाडी चालवावी! दर रविवारी चर्चला, मिसाच्या प्रार्थनेला, तू गाडी घेऊन जा. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं, फिंटन शेजारी बसेल. सगळ्या गावाला दिसू दे. देवाच्या घरी जाताना तू चाकामागे आहेस, याहून मुख्य चालवणं कोणतं? पोरगा आठवडाभर पोटासाठी वापरतो, ते अधूनमधूनच म्हणायचं.

तू लहानपणापासून घाबरट. गायीचं दूध काढायलाही मीच शिकवलं होतं तुला. मी इथे पन्नाशीनंतर जीप शिकले आणि नदीच्या पात्रातून नेते. तू दोन मैल डांबरी रस्ता भिऊ नकोस. सही कर, आणि मन स्वच्छ ठेव.

आशीर्वादासह,
ब्रायडी


ड्रमकिल
२० सप्टेंबर १९९८

प्रिय ब्रायडी,

केली सही. आणि बसलेही चाकामागे, तुझ्या जिवावर.

फिंटनने मला दलदलीतल्या रस्त्यावर शिकवलं, जिथे पडलो तरी मऊ पडू. ‘डेलिया, हे शिवणयंत्र नाही, दोन्ही पाय एकदम नाही दाबायचे.’ एकदाही आवाज चढवला नाही पोराने. मी त्याला सायकल शिकवताना किती ओरडले होते, ते आठवून मलाच लाज वाटली.

पहिल्या रविवारी चर्चच्या भिंतीला टेकून उभे असलेले सगळे टोपी काढून टाळ्या वाजवायला लागले. जेरी लॅव्हिन ओरडला, ‘डेलिया, पुढच्या वर्षी शर्यतीत नाव घाल!’ मागून येणारा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला, आणि त्यातला म्हातारा रेगन हात हलवून गेला. चर्चच्या घंटेवर लावावं तसं लोक माझ्यावर घड्याळ लावतात म्हणे. डेलिया गेली, म्हणजे दुसरी घंटा व्हायची.

फिंटन रोज कारखान्यात जातो. मी एकदा बसले होते त्याच्याबरोबर लाँगफर्डपर्यंत. पन्नासच्या वर काटा नाही, वळणावर कधी ओलांडत नाही, गायींनाही वाट देतो. पहिल्या पगारातून मला गरम बूट आणले.

मला मात्र ऊन समोर आलं की काच धुरकट दिसते. पुसली तरी तशीच. जुनी गाडी, जुनी काच.

डेलिया


तुर्काना
१४ ऑक्टोबर १९९८

प्रिय डेलिया,

टाळ्यांचं वाचून मी जेवताना इतकी हसले की सगळ्या सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. बघितलंस? सोडू नकोस आता. थंडी पडली, पाऊस आला, तरी एकही रविवार चुकवू नकोस. आणि अगदी गोगलगायीसारखी चालवू नकोस, थोडा पाय दे. मागचे लोक वैतागतात.

ब्रायडी


ड्रमकिल
२२ नोव्हेंबर १९९८

ब्रायडी,

वाईट बातमी आहे. गेल्या रविवारी, पंधरा तारखेला, मिसाहून परतताना टेकडीच्या उतारावर आपल्या गाडीने नुआला टार्पीला धडक दिली. ती सायकल हातात धरून कडेने चालत होती. जागच्या जागी गेली. तुला यूजीन टार्पी आठवत असेल, धाकटा. त्याची बायको. दोन मुलं आहेत, मोठी सात वर्षांची.

गाडी फिंटन चालवत होता. मी शेजारी होते. मला काही लागलं नाही.

त्याच्यावर खटला होणार आहे. कारखान्याने त्याला घरी बसवलं. प्रार्थना कर. जास्त लिहवत नाही.

डेलिया


तुर्काना
१२ डिसेंबर १९९८

प्रिय डेलिया,

नुआलासाठी आम्ही सगळ्यांनी मिसाची प्रार्थना केली. तिच्या लेकरांचा विचार डोक्यातून जात नाही.

आता जे लिहिते त्याने तुला दुखेल, पण लिहायलाच हवं. रविवारी गाडी तू चालवायची असं ठरलं होतं. मग तो चाकामागे कसा? त्याला कंटाळा आला असेल तुझ्या चालीचा, आणि तू दिलंस त्याला, कारण त्याला नाही म्हणणं तुला कधी जमलंच नाही. अठरा वर्षांच्या पोरांकडून चोवीसशे का मागतात ते आता कळलं. कंपन्यांकडे आकडे असतात, आपल्याकडे नुसती माया. त्या पोराच्या अंगात त्याच्या आईचं रक्त आहे. त्याच्या हातून एक बाई मेली आहे, आणि ते त्याने जन्मभर वाहावं. तू मध्ये पडून त्याचं ओझं हलकं करू नकोस.

ब्रायडी


ड्रमकिल
३ जानेवारी १९९९

ब्रायडी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, मग चुलीत टाकलं. फिंटनच्या हाती लागू नये म्हणून.

गाडी मी चालवत होते.

चर्चमधून निघाले तेव्हा जेरीने मागून भोंगा वाजवून चिडवलं. तू म्हणालीस थोडा पाय दे. दिला. टेकडीवरून उतरताना ऊन एकदम काचेवर आलं आणि समोर सगळं पांढरं झालं. फिंटन ओरडला, ‘ब्रेक!’ मी पाय दाबला. ब्रेकवर नव्हता तो पाय, ब्रायडी. गाडी उडाल्यासारखी पुढे गेली. मला वाटलं पोत्याला लागली.

काचेला काही झालेलं नव्हतं. ईस्टरला चष्मेवाल्याने सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय. मी तुला लिहिलं नाही, फिंटनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी गेली असती आणि गाडीबरोबर तोही.

तो उतरून तिच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला, परत आला. चेहरा पिठासारखा. म्हणाला, ‘डेलिया, सरक.’ मला काही समजेना. त्याने मला हाताने उचलून त्याच्या जागेवर बसवलं, पट्टा लावला, आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. ‘तुला तुरुंग झेपणार नाही. माझंही नाव आहे कागदावर. अपघात म्हणतील, सोडतील. तू काही बोलू नकोस.’ तेवढ्यात रेगनचा ट्रॅक्टर वळणावरून आला.

आणि मी बोलले नाही. सार्जंट ब्रेनन आला, त्याने फिंटनला विचारलं, फिंटन म्हणाला मी. रस्त्यावर ब्रेकची खूणच नाही हे बघून सार्जंट म्हणाला, ‘ही असली कामं या वयाचीच.’ मला शाल दिली कुणीतरी. मी चहा प्यायले, ब्रायडी! नुआला रस्त्यावर झाकून ठेवली होती आणि मी गोड चहा प्यायले.

आता गावात त्याच्याशी कुणी बोलत नाही. दुकानात ब्रेड आणायला गेला तर यूजीनच्या भावाने त्याच्या तोंडावर थुंकलं. त्याने बाहीने पुसलं आणि ब्रेड घेऊन आला. मला सांगितलंही नाही, दुसऱ्याकडून कळलं. आणि तू लिहितेस, त्याच्या आईचं रक्त.

डेलिया


तुर्काना
२४ जानेवारी १९९९

डेलिया, माझी डेलिया,

त्या पोराची मी क्षमा मागते, आणि तुझीही. चाकामागे तुला मी बसवलं. खोटा कागद खरा करायची घमेंड माझी होती. तुझे डोळे मी विचारले नाहीत, मी फक्त हुकूम सोडले.

पण आता आणखी एक हुकूम, हा शेवटचा. सार्जंटकडे जा. आजच्या आज. मला लिहिलंस तसंच त्याला सांग. कोर्टाची तारीख येण्याआधी. मीही त्याला आणि फादरना लिहिते आहे.

ब्रायडी


ड्रमकिल
२१ फेब्रुवारी १९९९

ब्रायडी,

गेले. पत्र आलं त्याच दिवशी, चालत.

सार्जंट ब्रेननने खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, ऊन, पाय, जागा बदलणं.  त्याने पेनचं टोपण लावलं आणि माझा हात थोपटला.

‘डेलिया, तुझ्या जागी माझी आई असती तर तीही हेच करती.’

‘मी खरं सांगते आहे.’

‘बाई, दहा रविवार अख्ख्या गावाने तुला बघितलंय. तू ताशी पंधरा मैलांच्या वर कधी गेलीस? तुझ्या गाडीखाली कोंबडी मरणार नाही. आणि ती गाडी चाळिसाच्या वर होती, ब्रेक न मारता. मापं आहेत माझ्याकडे.’

‘मला दिसत नाही धड. चष्मेवाल्याला विचारा!’

‘म्हणूनच त्या दिवशी पोराच्या हातात दिलीस ना? तेच तो म्हणतो. आत्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून मी घेतली.’

ब्रायडी, त्याने सगळं आधीच शिवून ठेवलंय. सार्जंटने त्याला बोलावून माझ्यासमोर विचारलं. फिंटन माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आत्याला झोप नसते, सर. तिला घरी नेतो.’ वाटेत मी त्याला मारलं. पंधरा वर्षांत कधी हात उचलला नव्हता. तो उभा राहिला, आणि म्हणाला, ‘झालं? चल, थंडी आहे.’

तुझं पत्रही पोचलंय सार्जंटकडे. मला दाखवून म्हणाला, ‘बिचाऱ्या सिस्टरलाही कामाला लावलंस.’

विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने जेरीला विचारलं, गाडी मुख्यतः कोण चालवतं? जेरीने चर्चबाहेरचे वीस साक्षीदार उभे केले. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, डेलिया. कंपनीने टार्पींचे भरपाईचे पैसे मान्य केले. कागद खरा ठरला, ब्रायडी. तुला पाहिजे होता तितका.

वकिलाकडे जाणार आहे. तोही हसेल, तरी जाणार.

डेलिया


ड्रमकिल
७ नोव्हेंबर १९९९

ब्रायडी,

निकाल लागला. फिंटनने गुन्हा कबूल केला. दोन वर्षं तुरुंग, दहा वर्षं परवाना बंद. कारखान्याने त्याची जागा दुसऱ्याला दिली.

मी कोर्टात उभी राहिले. वकिलाने नको म्हटलं होतं, तरी राहिले. ओरडून सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. मग फिंटनला म्हणाले, ‘ज्या बाईने तुला वाढवलं ती तुझ्यासाठी स्वतःचं चांगलं नाव मातीत घालायला तयार आहे. या मायेला तू लायक नव्हतास.’ सहा महिने त्यापायी वाढले असं वकील म्हणतो. नसतील वाढले, पण मला तसंच वाटत राहणार.

बाहेर पायऱ्यांवर यूजीन टार्पी उभा होता. एवढे दिवस त्याच्यासमोर जायची माझी छाती झाली नव्हती. गेले. म्हटलं, ‘यूजीन, तुझी नुआला माझ्या हातून गेली.’  त्याने माझे दोन्ही हात धरले. ‘डेलिया, तुझ्यावर माझा राग नाही. पण त्याच्यासाठी माझ्या तोंडावर खोटं बोलू नकोस. तेवढं तरी कर.’ त्याची धाकटी त्याच्या कोटाला धरून उभी होती. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते.

गाडी विकली. परवाना सार्जंटच्या टेबलावर टाकून आले. त्याने तो पोस्टाने परत पाठवला.

काल डब्लिनला गेले होते, भेटायला. केस बारीक कापलेत, कान मोठे दिसतात, तीन वर्षांचा होता तेव्हासारखे. खायला नेलेलं आत नेऊ दिलं नाही. मी म्हटलं, ‘का केलंस रे? अजून सांग त्यांना. तू सांगितलंस तर मानतील.’

म्हणाला, ‘नाही मानणार. गंमत बघ, डेलिया. जेरी लॅव्हिनला मी सांगितलं होतं, जपून चालवीन. तो हसला होता. कारखान्यात म्हणालो, घाई करत नाही, तिथेही हसले. त्या दिवशी म्हणालो, मी मारलं, तर सार्जंटने दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. लगेच लिहून घेतलं.’

चेष्टा करत होता तो, मला हसवायला. मला रडूही आलं नाही. मी त्याला वाढवलं, ब्रायडी, आणि मीच त्याला खाल्लं.

वेळ संपली म्हणून पहारेकरी आला. वयस्कर होता, बरा वाटला चेहऱ्याने. फिंटनला आत नेल्यावर मी त्याची बाही धरली आणि म्हटलं, ‘साहेब, गाडी मी चालवत होते.’

त्याने हळूच बाही सोडवून घेतली. म्हणाला, ‘हो बाई. इथे येणाऱ्या सगळ्या आया असंच काहीतरी सांगतात.’

डेलिया